पेरूची अकरा फुलं

"हिला हात लावू नकोस," बसच्या पायरीवर उभी राहून न्या ओदिलिया, म्हणजे ओदिलियाबाई, नवऱ्याला म्हणाली. "शुक्रवारी दहा वाजता संग्रहालयाची गाडी येईल, त्यांच्या ताब्यात दे. तुला काम एवढंच."

एवढं काम डॉन एवारिस्तो ओव्हेलार यांच्या हातून होणार नाही असं इताउग्वात कोणीही म्हटलं नसतं. गावच्या जन्ममृत्यू नोंदणी कचेरीत त्यांनी एकतीस वर्षं काढली, आणि त्या एकतीस वर्षांत एकही माणूस चुकून मेला नाही की दोनदा जन्मला नाही. आता ते निवृत्त होते, म्हणजे सकाळी ओसरीवर बसून पाल्याचं थंडगार तेरेरे पीत होते आणि कशाची ना कशाची काळजी करत होते. त्यांना विजेची भीती वाटे, मोकाट कुत्र्यांची वाटे, न उघडलेल्या पाकिटांची तर फारच वाटे. पण सगळ्यांत जास्त भीती त्यांना ओदिलियाची वाटायची, आणि गंमत म्हणजे ती कधी ओरडायची नाही. ओरडणाऱ्या बायकोचं एक बरं असतं, प्रकरण कुठवर आलंय ते कळतं. ओदिलिया गप्प बसायची. त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, आणि तिचा सर्वांत लांब अबोला पंधरा दिवसांचा होता. तो एका कोंबडीवरून झाला होता, पण तो विषय इथे नको.

तर ओदिलिया मुलीच्या बाळंतपणासाठी एन्कार्नासिओनला निघून गेली, आणि डॉन एवारिस्तो घरी येऊन त्या वस्तूसमोर खुर्ची टाकून बसले. आपण राखण करतो आहोत अशी त्यांची समजूत होती.

वस्तू म्हणजे ओसरीच्या भिंतीला टेकवलेली एक लाकडी चौकट. तिच्यावर पांढरं कापड ताणलेलं, आणि कापडावर सुईदोऱ्याने विणलेली बैलगाडीच्या चाकाएवढी न्यांदुती. मधे कोळी, त्याच्या भोवती बैलाची पावलं, मग मुंग्यांची वारुळं आणि सगळ्यांत बाहेर पेरूच्या फुलांची कड. न्यांदुती कशी करतात हे इताउग्वातलं शेंबडं पोरही सांगेल: कापड ताणायचं, त्यावर विणायचं, चौकटीवरच धुवायचं, मँडिओकाच्या कंदाची खळ द्यायची, उन्हात कडक वाळवायचं आणि मग खालचं कापड कापून टाकायचं. उरते ती नुसती जाळी. ओदिलियाने या एकीवर दोन वर्षं घालवली होती. राजधानीत, असुन्सिओनला, आठ देशांतल्या विणकरांचं नव्या धाटणीचं कलाप्रदर्शन भरत होतं. त्यात ही निवडली गेली होती. इताउग्वातून सत्तावीस अर्ज गेले होते, निवड एकीची झाली. उरलेल्या सव्वीस बायकांनी ओदिलियाचं अभिनंदन केलं, ते कसं केलं असेल ते ज्याने त्याने समजून घ्यावं.

मंगळवारी सकाळी शेजारचे डॉन पोर्फिरिओ तेरेरे प्यायला आले. हे औषधांचं दुकान चालवून थकलेले गृहस्थ. दुकान बंद झालं तरी सल्ले देणं बंद झालं नव्हतं. त्यांनी नळीने दोन घोट ओढले, चौकटीकडे पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि विचारलं की गाडी कधी येणार. शुक्रवारी, असं कळल्यावर त्यांनी मान हलवली. मान हलवण्याची त्यांची एक खास पद्धत होती. पूर्वी तशी मान हलवून ते महागडं औषध काढायचे.

"पण ही पुरी कुठे झालीये?" ते म्हणाले.

डॉन एवारिस्तो उठून चौकटीजवळ गेले. खरंच की, खळ दिलेली नव्हती. कापड कापलेलं नव्हतं. डाव्या कडेला एक सुईसुद्धा तशीच टोचलेली होती. पोर्फिरिओंनी मग सगळं उलगडून सांगितलं: मुलीचे दिवस आधी भरले, बिचारी ओदिलिया धावत गेली, शेवटचं काम तसंच राहिलं. आता आठ देशांच्या समोर इताउग्वाची अर्धवट न्यांदुती जाणार. लोक काय म्हणतील? म्हणतील, या बाईला नवरा नव्हता का?

दुपारी बारा वाजता ओदिलियाचा फोन आला. विचारून टाकावं असं डॉन एवारिस्तोंनी ठरवलं होतं, वाक्यसुद्धा तयार होतं. पण तिने पहिलाच प्रश्न केला, "हात लावला नाहीस ना?" आता या प्रश्नानंतर 'लावू का?' असं विचारणारा नवरा कुठल्या मातीचा असतो ते त्यांना ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "छे." मुलीचं अजून व्हायचं होतं. फोन बंद झाला.

मग त्यांनी कचेरीत करायचे तेच केलं, म्हणजे आदेशाचा अर्थ लावायला घेतला. 'हात लावू नये' याचा अर्थ, माहीत नसलेल्या माणसाने हात लावू नये. अधिकारी व्यक्तीने लावायला हरकत दिसत नाही. त्यांच्या हाताखालून असे शेकडो आदेश गेले होते आणि हा अर्थ लावल्यावर त्यांना इतकं बरं वाटलं की भीतीच्या मारे आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो आहोत हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

अधिकारी व्यक्ती समोरच राहत होती. न्या क्रिसांता पन्नास वर्षं न्यांदुती करत होती, आणि त्या सव्वीस जणींपैकी एक होती. म्हणून कोणी तिच्याबद्दल वाईट समजू नये. तिने मनापासून हळहळून चौकटीभोवती एक फेरी मारली. "कापडावरची न्यांदुती म्हणजे नाळ न कापलेलं मूल," ती म्हणाली. "असं कोणी पाहुण्यांसमोर आणतं का, काराई एवारिस्तो?" बाळंतपणाचा विषय घरात चालू असल्याने हे बोलणं त्यांना फारच पटलं. क्रिसांताने बाह्या सरसावल्या. मऊ ब्रशने न्यांदुती धुतली, घरून पातेलंभर खळ करून आणली, प्रत्येक फुलाला बोटाने चोळली आणि चौकट अंगणात उन्हात आडवी ठेवली. मंगळवार असा गेला. बुधवारी बाराला ओदिलियाने विचारलं, "उन्हात नाही ना ठेवलीस?" डॉन एवारिस्तोंनी अंगणाकडे पाठ केली आणि नाही म्हणाले. पाठ केल्याने खोटेपणा निम्मा होतो असं त्यांना वाटलं.

फोन ठेवला तेव्हा न्यांदुती कडकडीत वाळली होती. क्रिसांताने ओसरीत बसून आपली छोटी, टोकदार कात्री काढली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि डाव्या कडेपासून कापायला सुरुवात केली. एक फूल सुटलं, दुसरं सुटलं. काय हात होता बाईचा. दोरा न दुखवता कापड बाजूला होत होतं. डॉन एवारिस्तो तेरेरेचा पेला घेऊन शेजारी उभे राहून मोजत होते. दहावं फूल सुटलं तेव्हा त्यांच्या फोनवर एक निरोप आला. संग्रहालयाचा होता. कामाशेजारी भिंतीवर लावायचा मजकूर सोबत जोडला आहे, न्या ओदिलियांचा फोन लागत नाही, तरी आपण वाचून चुका असल्यास कळवाव्यात.

मजकुरात चुका काढायच्या म्हटल्यावर डॉन एवारिस्तोंची कळी खुलली. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं.

"'न कापलेली.' ओदिलिया ओव्हेलार, इताउग्वा. 'त्रेचाळीस वर्षं मी विणलं आणि कापलं. कापलं की ते जातं. लग्नांत गेलं, देवळांत गेलं, परदेशात गेलं. माझ्या घरात माझ्या हातचं एकही राहिलं नाही. ही एक मी कापणार नाही.'"

त्यांचा आवाज शेवटच्या वाक्याला पोचला आणि कात्रीचाही आवाज आला. अकरावं फूल.

क्रिसांताची कात्री तिथेच थांबली. चौकटीच्या डाव्या बाजूला कापड फाटल्यासारखं उघडं पडलं होतं आणि पेरूची अकरा फुलं हवेत लोंबत होती. डॉन एवारिस्तोंची पाचावर धारण बसली. पण भीतीच्या खाली दुसरंही काहीतरी होतं, आणि ते जास्त टोचत होतं. चाळीस वर्षं ते या घरात होते. घरात एकही न्यांदुती नाही हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. टेबलावर प्लॅस्टिकचा टेबलक्लॉथ होता, तो त्यांनी स्वतः आणला होता.

"मला काय माहीत," क्रिसांता म्हणाली आणि कात्री खिशात घातली. फाटकापर्यंत जाऊन ती परत आली. डॉन एवारिस्तोंना वाटलं शिवायला आली, आणि त्यांनी तसे हातही जोडले. ती मागे सरकली.

"मी शिवलं तर तिला लांबूनही कळेल. माझा टाका ती झोपेत ओळखते. तुम्हीच शिवा, काराई. तुमचा टाका कोण ओळखणार?" मग दारातून पुन्हा म्हणाली, "आणि मी इथे आलेच नव्हते."

वेळ होता दोन दिवस. दोन दिवसांत फोटोत दिसते तशी चौकट पुन्हा उभी करायची होती, कारण अर्जासोबत फोटो गेला होता आणि गाडीबरोबर तपासनीस बाई येणार होत्या. पांढरं कापड कुठून आणायचं? दुकानात गेले असते तर तासाभरात गावाला कळलं असतं. म्हणून त्यांनी कपाट उघडलं. निवृत्तीच्या समारंभाला घातलेला पांढरा शर्ट तिथे इस्त्री करून टांगलेला होता. त्याच शर्टात त्यांना घड्याळ दिलं होतं, त्याच शर्टात त्यांनी आयुष्यातलं एकमेव भाषण केलं होतं. त्यांनी शर्टाची मागची शेपटी कापली. पट्टी सरळ निघाली. कचेरीत कागद कापायची सवय होती.

शिवणही त्यांना येतच होतं म्हणा. नोंदणीची पुस्तकं त्यांनी एकतीस वर्षं स्वतःच्या हाताने बांधली होती: तीन भोकं, दोरा मधून वर, दोन्हीकडून खाली, मागे दुहेरी गाठ. ही गाठ सुटत नाही असा त्यांचा लौकिक होता. पट्टी चौकटीला खिळून त्यांनी पहिलं फूल पट्टीवर ठेवलं आणि जन्मनोंद बांधावी तसं बांधलं. ओसरीवर बसायची सोय नव्हती. इताउग्वात पुरुषाने सुई हातात धरली तर त्याच्या नातवंडांना शाळेत चिडवतात. म्हणून त्यांनी वामकुक्षीची वेळ निवडली. दारं लावली, खिडक्या लावल्या, माजघरात बसले.

आता मन लागलं की डॉन एवारिस्तो दातांतून बारीक शीळ घालायचे. कचेरीत पुस्तकं बांधताना लागलेली सवय, त्यांची त्यांना ऐकू येत नसे. इकडे सगळा रस्ता निजलेला. आणि वामकुक्षीच्या वेळी सोनेरी केसांचा यासी यातेरे शीळ घालत हिंडतो आणि न झोपणारी पोरं उचलून नेतो हे तर सर्वांना माहीत आहे. त्याला मानत कोणीच नाही, पण त्या वेळी दारही कोणी उघडत नाही. बुधवारी संध्याकाळपर्यंत पाच घरांनी ती शीळ ऐकली होती, आणि पाचही घरांचं एकमत झालं की ती ओव्हेलारांच्या घराकडून येते. यासी यातेरेला मध आवडतो. गुरुवारी सकाळी डॉन एवारिस्तोंनी दार उघडलं तर उंबऱ्यावर वाटीभर मध.

म्हणजे तो आपल्या दाराशी येतो. लोकांना माहीत आहे, आपल्यालाच नाही. आयुष्यात न केलेला गुन्हा त्यांनी कालच केला होता आणि लगेच हे भूत मागे लागलं होतं. मध तिथेच ठेवला तर तो खायला येणार, म्हणून त्यांनी वाटी उचलून आत आणली आणि माजघरात फडताळाखाली लपवली. किल्लीच्या भोकात कापूस कोंबला. आणि धीर यावा म्हणून जरा मोठ्याने शीळ घातली.

त्या दिवशी सकाळी आणखी एक काम होतं. माल हाताने केलेला असल्याचा नगरपालिकेचा दाखला हवा, असं अर्जाच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं त्यांना दिसलं होतं. खिडकीवरच्या बाईंनी त्यांना ओळखून खुर्ची दिली, आणि मग सांगितलं की कारागीर स्वतः हजर नसल्यास मुखत्यारपत्र लागेल, तीन प्रतींत, प्रत्येक प्रतीवर शिक्का. डॉन एवारिस्तो म्हणाले की एवढ्याशा गोष्टीला तीन प्रती कशाला. बाईंनी भिंतीवरचं, नोंदणी कचेरीकडून कधीकाळी आलेलं, पिवळं पडलेलं परिपत्रक दाखवलं. खाली सही होती, ए. ओव्हेलार.

"तुमचाच नियम," त्या आदराने म्हणाल्या. "आम्ही अजून पाळतो."

इतका अभिमान आणि इतकी नामुष्की माणसाला एकदम क्वचितच वाटते. ते नोटरीकडे गेले, नोटरीने बायको हयात असल्याचा पुरावा मागितला. पुराव्यासाठी ते आपल्याच जुन्या कचेरीत गेले, तर तिथे जेवणाची सुट्टी झालेली. घामाने निथळत घरी आले आणि निदान लग्नाचा कागद मिळतो का म्हणून टेबलाचा खण ओढला. आत दाखला होता. तीन प्रती, तिन्हीवर शिक्के, वर ओदिलियाच्या अक्षरातली चिठ्ठी: 'सगळं इथे आहे. कुठे धावू नकोस.'

चिठ्ठी वाचून दुसरा कोणी सुखावला असता. डॉन एवारिस्तो मटकन खाली बसले. जिला हे आधी कळलं होतं, तिला आणखी काय काय कळलं असेल?

बसले तेव्हा त्यांना मुंग्या दिसल्या. फडताळाखालच्या मधाकडे एक रांग गेली होती, आणि मधाकडून दुसरी रांग निघून चौकटीवर चढली होती. मध संपल्यावर खळ गोड लागत असावी. ओदिलियाने विणलेल्या वारुळांत खऱ्या मुंग्या हिंडत होत्या. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. त्यांनी रंगाचा ब्रश आणला आणि एकेक मुंगी झाडली, चौकटीचे खालचे दोन कोपरे पाणी घातलेल्या सार्डिनच्या डब्यांत ठेवले, आणि झाडून झाल्यावर पुन्हा शिवायला बसले. सातवं फूल, आठवं फूल. बोटांची चाळण झाली. एका फुलाला किती टाके असतात ते त्यांनी त्या दिवशी मोजलं, आणि कडेला फुलं किती आहेत ते मोजलं, आणि गुणाकार करायला घाबरले.

शुक्रवारी गाडी दहाला आली. तपासनीस ब्रितेस बाई हातमोजे घालून उतरल्या. त्यांच्याकडे भिंग होतं, फोटो होता आणि चार पानांचा 'वस्तूची स्थिती' नावाचा तक्ता होता. तक्ता पाहून एरवी डॉन एवारिस्तोंना आनंद झाला असता. बाईंनी उजवीकडून सुरुवात केली. मग वर गेल्या. मग डावीकडे आल्या आणि तिथेच थांबल्या. रस्त्यावर डॉन पोर्फिरिओ उभे राहून पाहत होते, समोरच्या खिडकीचा पडदा हलत होता.

"इथे कापड वेगळं वाटतं," ब्रितेस बाई म्हणाल्या. "जोड आहे. मूळचाच का?"

कबूल करायचं तर ही वेळ होती. त्यांनी तोंड उघडलं. पण गाडी रिकामी परत जाईल, भिंतीवर नुसता मजकूर लागेल, आणि सव्वीस बायका तो वाचायला येतील, हे सगळं एका दमात त्यांच्या डोळ्यांपुढे आलं.

"मूळचा," ते म्हणाले.

बाईंनी तसं लिहिलं आणि साक्षीदार म्हणून त्यांची सही मागितली. एकतीस वर्षांत डॉन एवारिस्तोंनी खोट्या नोंदीवर सही केली नव्हती. त्यांनी केली. सही नेहमीपेक्षा लहान आली.

त्याच दुपारी ओदिलियाने फोनवर सांगितलं की नात झाली. डॉन एवारिस्तो रडले. ते नातीसाठीच रडले, असं ते नंतर नेहमी सांगत.

उद्घाटन पुढच्या शनिवारी होतं. ओदिलिया परस्पर असुन्सिओनला पोचली, निळा झगा घालून, थकलेली आणि खूश. चाळीस अंश ऊन होतं आणि डॉन एवारिस्तो कोट घालून आले होते, कारण आत तोच शर्ट होता. समारंभाला घालण्याजोगा दुसरा त्यांच्याकडे नव्हता. कोट काढ म्हणून ओदिलियाने दोनदा सांगितलं. आपल्याला थंडी वाजतेय असं ते म्हणाले. तेही अगदी खोटं नव्हतं.

दालनात डोंगराएवढ्या लोकरीच्या गुंडाळ्या होत्या, तारेचे झगे होते, छतापासून जमिनीपर्यंत सोडलेले दोर होते. आणि एका भिंतीवर, एकटीच, दिव्याचा झोत सोडलेली ओदिलियाची चौकट. लोक मजकुरापाशी थांबत होते. एक म्हातारी तर डोळे पुसत होती. ओदिलिया समोर जाऊन उभी राहिली आणि तिने हात पुढे केला.

"हात लावू नका, बाई," पहारेकरी म्हणाला.

ती जागच्या जागी थांबली. डॉन एवारिस्तोंना क्षणभर त्या पहारेकऱ्याला मिठी मारावीशी वाटली. पण ओदिलिया खाली वाकली. कोळी पाहिला, पावलं पाहिली, खळीने कडक झालेली वारुळं पाहिली. ती डावीकडे सरकली आणि चौकट भिंतीपासून दोन बोटं पुढे होती त्या फटीतून तिने मागे डोकावलं. मागे अकरा दुहेरी गाठी होत्या. त्यांच्या घरात मच्छरदाणीला तीच गाठ होती, संत्र्यांच्या पोत्याला तीच होती, मुलीच्या पहिल्या दप्तरालाही तीच. ती बराच वेळ वाकून होती. मग सरळ झाली आणि काही बोलली नाही.

तिला दोन शब्द बोलायला बोलावलं. ती माइकपाशी गेली, म्हणाली, "आलात, बरं वाटलं," आणि खाली उतरली. फोटो निघाले. कोणी सरबत दिलं. ती गप्प होती. डॉन एवारिस्तो मनातल्या मनात दिवस मोजू लागले. पंधरा दिवस कोंबडीला झाले होते.

इताउग्वाच्या बसमध्ये मागची दोन आसनं मिळाली. खिडकी उघडत नव्हती. शेवटी सान लोरेन्सो गाव मागे पडल्यावर डॉन एवारिस्तोंना घेरी येऊ लागली, आणि त्यांनी कोट काढला. ओदिलियाने त्यांना पुढे वाकायला लावलं. पाठीमागून शर्ट विजारीच्या वर आला होता, आणि खाली जिथे शेपटी असायला हवी तिथे काही नव्हतं.

"अकरा ना?" तिने विचारलं.

"अकरा."

"कात्री कुणाची?"

डॉन एवारिस्तोंनी खिडकीबाहेर पाहिलं. खरं सांगितलं तर अर्धं पाप समोरच्या घरात जाणार होतं, आणि तेही न्यायानेच. "कापायला मी सांगितलं," ते म्हणाले. "वाचायच्या आधी. वाचलं तेव्हा अकरावं चाललं होतं." आणि मग, कोणी विचारलं नसताना, "मला भीती वाटली, ओदिलिया. अर्धवट गेली तर तुला हसतील म्हणून. मग तुझी वाटली. पण ते वाचल्यावर भीतीपेक्षा वाईट वाटलं. घरात एकही नाही हे मला माहीत नव्हतं."

बस कापियाताच्या चौकात थांबली, चिपाचे पाव विकणारी बाई चढली, पाटी घेऊन उतरली.

"मला आत्ता तुला खाली उतरवावंसं वाटतंय," ती शांतपणे म्हणाली. "दोन वर्षं होती ती." तिने डोळे पुसले. त्यांनी तिचा हात धरायचा प्रयत्न केला, तो तिने काढून घेतला. इताउग्वाच्या अलीकडे तिने त्यांची बोटं उचलून दिव्याखाली धरली. सगळीकडे सुई टोचल्याच्या खुणा होत्या.

"दुपारी शिवलंस ना? दारं लावून?"

"हो."

"म्हणून टाके आखडलेत. उजेड बाजूने लागतो." आणि थोड्या वेळाने, "शर्ट निवृत्तीचा होता."

"हो."

एवढ्यावर ती पुन्हा गप्प झाली. पण हा अबोला कोंबडीचा नव्हता, इतपत त्यांना आता कळत होतं.

संग्रहालयाला डॉन एवारिस्तोंनी दुसऱ्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज पाठवला: तक्त्याच्या तिसऱ्या पानावरची 'मूळचा' ही नोंद चुकीची असून ती खाली सही करणाऱ्याने भयापोटी केली. तीन प्रती पाठवल्या. उत्तर अजून यायचं आहे.

दोन महिन्यांनी प्रदर्शन संपलं आणि चौकट घरी आली. संग्रहालय ती कायमची ठेवून घ्यायला तयार होतं, ओदिलियाने नाही म्हणून कळवलं. पट्टी ती काढणार नव्हती, शर्टाची का होईना, आता ती चौकटीची झाली होती. पण त्या गाठी तिला सहन होत नव्हत्या. तिने ओसरीवर दोन खुर्च्या मांडल्या, भर सकाळी, रस्त्याकडे तोंड करून, आणि नवऱ्याच्या हातात सुई दिली. गाठी त्यांनीच सोडवायच्या आणि फुलं नीट बसवायची. ती दाखवेल, पण हात लावणार नाही.

डॉन एवारिस्तो कामाला बसले. सुटत नाही असा ज्या गाठीचा लौकिक होता ती खरंच सुटत नव्हती. पहिल्या सकाळी डॉन पोर्फिरिओ आले, उभ्याउभ्या तीन सल्ले दिले आणि हसू लपवायला खोकले. शाळेची पोरं फाटकाशी जमली. डॉन एवारिस्तोंना वाटलं जमीन दुभंगावी, पण जमीन दुभंगली नाही आणि ओदिलियाने फक्त एवढंच म्हटलं की टाका सैल सोड. त्यांनी सोडला. पहिलं फूल बसायला चार दिवस लागले. ते जरा वाकडं होतं, पण पेरूचंच होतं. सवयीने त्यांच्या दातांतून शीळ निघाली आणि फाटकाशी उभं असलेलं एक पोर किंचाळून पळालं.

तेवढ्यात न्या क्रिसांता रस्ता ओलांडून आली. तिने फूल पाहिलं, लोंबणारं दोऱ्याचं टोक पाहिलं, आणि पन्नास वर्षांच्या सवयीने तिचा हात खिशाकडे गेला.

"दोरा कापू का?" ती म्हणाली.

ओदिलियाने मान वर केली. डॉन एवारिस्तो मात्र तिच्याही आधी चौकटीवर आडवे झाले होते, दोन्ही हात पसरून.

"दाताने तोड," ओदिलिया त्यांना म्हणाली.